विषय क्रमांक सात

एका पाळीत चंदनाने एकतीस वेळा चांगला चालणारा माग बंद केला. बत्तिसाव्या वेळी तिचा हात कळीकडे जाताना सुपरवायझरने मनगट धरलं आणि तिला शेडच्या बाहेर आणून सोडलं.

हे तिने घरी सांगितलं नाही. सांगायला ती आत्तीकडे आली, प्राध्यापिका राजमती मगदूम यांच्याकडे, आणि तिच्या दारात पाऊल ठेवलं ते चार वर्षांनी. या चार वर्षांत चंदनाचे वडील भूपालआण्णा आणि त्यांची ही धाकटी बहीण यांच्यात शब्द नव्हता. एकाच इचलकरंजीत राहायचं, एकाच जैन बस्तीत दर्शनाला जायचं आणि समोरासमोर आलं की चपला शोधायची घाई करायची, असा कारभार चालला होता.

भांडण झालं होतं ते चंदनाच्या कॉलेजवरून. आण्णाने दहावीनंतर शाळा सोडून माग धरला, तो राजमतीने शिकावं म्हणून. राजमती शिकली, भूगोलात डॉक्टर झाली, गावच्याच ज्ञानदीप कॉलेजात शिकवू लागली. त्यामुळे भाचीच्या वेळी घरात आपला शब्द चालेल अशी तिची समजूत होती. ती म्हणाली, "आण्णा, पोरीला तीन वर्षं चार विषय शिकू दे. भूगोल, इतिहास, थोडं तर्कशास्त्र, थोडं गणित. मग काय व्हायचं ते तिचं ती ठरवेल."

आण्णाने सुपारी कातरता कातरता उत्तर दिलं, "तू चार विषय शिकलीस. त्यातला एक तरी माझ्या मागाच्या कामाला आला का? मला जॉबर व्हायला बावीस वर्षं लागली. तुमच्याच कॉलेजात आता चाळीस दिवसांत करतात. मी पोरीला तिथंच घालणार."

जॉबर म्हणजे बिघडलेला माग ताळ्यावर आणणारा माणूस. यंत्रमागाच्या गावात त्याला डॉक्टरइतका मान. राजमती त्या दिवशी बरंच काही बोलून गेली. "पोरगी आहे ती, पाना-पक्कड नव्हे," असंही बोलली, आणि ते आण्णाच्या जिव्हारी लागलं.

चाळीस दिवसांचं शास्त्र इथे सांगून टाकायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे. लहान मूल कुठलीही भाषा सहज उचलतं आणि आपण चाळिशीत चार वाक्यं शिकताना घाम गाळतो. असं का? मेंदूतल्या काही पेशींभोवती वयाबरोबर साखर आणि प्रथिनांची एक बारीक जाळी विणली जाते. ती पेशींमधले जोड जागच्या जागी धरून ठेवते. जाळी नसेल तर शिकणं सोपं आणि विसरणंही सोपं. जाळी बसली की आलेलं टिकतं, पण नवं आत शिरायला कष्ट पडतात. 'बीजघडण' नावाच्या कंपनीने ही जाळी हव्या त्या भागात चाळीस दिवस विरघळवून ठेवायचं इंजेक्शन काढलं. तेवढ्या दिवसांत विद्यार्थ्याच्या हाताला आणि कानाला एकच काम सकाळपासून संध्याकाळपर्यंत द्यायचं. एकोणीस वर्षांचा मेंदू ते तीन वर्षांच्या मुलासारखं पिऊन टाकतो. शेवटच्या दिवशी दुसरं इंजेक्शन, ते जाळी पुन्हा विणतं. झाला जॉबर तयार.

आणि तो खरोखर तयार होई, हे राजमतीलाही नाकारता येत नव्हतं. चंदना गावातली पहिली बाई जॉबर. शंभर मागांच्या खडखडाटात उभी राहून ती "तेविसावा, डावीकडून हवा कमी येतेय" असं सांगे आणि तसंच निघे. आण्णा गावभर मान ताठ करून हिंडत होता.

मग गिरणीने हवेच्या झोताने मिनिटाला आठशे धागे फेकणारे जुने 'आठशे'चे माग काढून 'अकराशे'चे बसवले.

"आत्ती, त्या मागाचा आवाजच वेगळा आहे गं," चंदना स्वयंपाकघरात ओट्याला टेकून सांगत होती. "चांगला चालत असला तरी मला तो बिघडलेलाच ऐकू येतो. आणि ऐकू आला की हात जातो. मी जाऊ देत नाही, तरी जातो."

"मग नव्या मागाचं ट्रेनिंग?"

"तीन महिने केलं. लेखी परीक्षेत पंच्याऐंशी मार्क पडले. पुस्तकातलं सगळं कळतं मला, तोंडपाठ सांगते. पण हात ऐकत नाहीत." तिने दोन्ही हात समोर धरले. "कंपनीच्या डॉक्टरने बघितलं. म्हणाला, तुझी जाळी पक्की आहे, आता उघडायची नाही. नव्या मागांसाठी आम्ही नवी मुलं घेतोय."

तेवीस वर्षांची पोर. राजमतीला तिच्या हातांकडे बघवेना. तिने चहा टाकला, साखर दोनदा घातली, आणि मग तिचा राग असा उसळला की चहा तसाच सोडून तिने चपला घातल्या.

"कुठं निघालीस?"

"तेरदाळेकडे."

प्राचार्य तेरदाळे हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. कॉलेज वाचवायच्या नादात त्याने एकेक विभाग विकला, पण विकताना दर वेळी त्याला वाईट वाटे. राजमती दार ढकलून आत गेली तेव्हा तो सोमवारच्या कार्यक्रमाची पत्रिका तपासत होता. यंदाच्या तुकडीची एकशे सोळा मुलं, सोमवारी त्यांना शेवटचं इंजेक्शन, मग पेढे.

"सर, जाळी पक्की म्हणजे काय?"

"बसा मॅडम."

"उभीच बरी आहे मी. पक्की म्हणजे काय? म्हणजे कच्चीही असते का कुठं?"

तेरदाळेने पत्रिका बाजूला ठेवली. "असते. कंपनी तीन प्रकार देते. कच्ची, मध्यम, पक्की. कच्ची जाळी दोन-तीन वर्षांत आपोआप सैल होते. कौशल्य थोडं बोथट होतं, पण माणूस नवं शिकू शकतो. पक्कीत सगळे धागे एकमेकांना चिकटवून टाकतात. त्यावर ते विरघळवायचं औषधही चालत नाही."

"आणि तुम्ही पोरांना पक्की बसवलीत."

"गिरणीवाल्यांची अट होती. कच्ची बसवली तर पोरं दोन वर्षांत दुसरं काहीतरी शिकून निघून जातात. पक्कीला पाच वर्षांच्या नोकरीची हमी होती, माग तेच राहिले तर. कच्चीला दोनच वर्षांची."

"म्हणजे पोरांनी पळू नये म्हणून त्यांचे पाय बांधलेत. बैलाला दावं लावतात तसं. तेही बरं, दावं निदान संध्याकाळी सोडतात." तिचा आवाज व्हरांड्यात जात होता. दोन शिपाई येऊन दाराशी उभे राहिले. "कुणी ठरवलं हे? कुणाच्या सहीनं?"

"मॅडम, विद्या परिषदेचा ठराव आहे."

"मी आहे विद्या परिषदेवर. मला कसा माहीत नाही?"

तेरदाळेने हेडक्लार्क ढवळ्यांना हाक मारली आणि चार वर्षांपूर्वीची इतिवृत्ताची वही आणायला सांगितली.

आता कॉलेजच्या सभा ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी. कुठल्याही सभेचा पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. म्हणजे मागच्या वेळी काय ठरलं ते वाचून दाखवायचं आणि सगळ्यांनी त्याखाली सह्या करायच्या. वाचत कुणी नाही. अध्यक्ष म्हणतात, "वाचले असे समजू या," वही टेबलावरून फिरते, वहीच्या मागोमाग चिवड्याच्या बशा फिरतात, आणि चिवडा संपायच्या आत सह्या झालेल्या असतात. सगळीकडे अशीच पद्धत, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

ढवळ्यांनी वही उघडून समोर ठेवली. राजमतीला ती सभा लख्ख आठवली. विषय क्रमांक चार, भूगोल विभागाचं नकाशाघर बंद करणे. त्या नकाशाघरासाठी ती त्या दिवशी पाऊण तास बोलली होती. पंचगंगेच्या खोऱ्याचा उठावाचा नकाशा, विद्यार्थ्यांनी तीस वर्षं नदीकाठी फिरून काढलेली मापं, सगळं सांगितलं होतं. एकच विषय शिकलेला माणूस आंधळा असतो, त्याला आपल्या वाटणीपलीकडचं दिसत नाही, असंही ठणकावलं होतं. परिषदेने कंटाळून नकाशाघर ठेवलं, आणि ती विजयाच्या आनंदात किल्ली घेऊन सभेतून निघून गेली होती.

विषय क्रमांक सात पुढच्याच पानावर होता. 'घडण अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांस पक्क्या प्रकारची जाळी बसविण्यास सर्वानुमते मान्यता देण्यात आली.' दोन ओळी, बस्स.

खाली सतरा सह्या. अकरावी तिची. हिरवी शाई फक्त तीच वापरत असे.

आणि एवढ्यावर भागलं नाही. विषय क्रमांक चारमध्ये कारकुनाने 'संग्रहालय' लिहिलं होतं, तो शब्द हिरव्या शाईने खोडून वर 'नकाशाघर' असं सुबक अक्षरात लिहिलेलं होतं. म्हणजे पुढच्या सभेत वही समोर आली तेव्हा बाईंनी ती उघडली होती. स्वतःचा विषय शोधला होता, अक्षर न् अक्षर वाचला होता, दुरुस्त केला होता. पान उलटून शेवटाला गेल्या आणि सही केली. मधलं काही वाचलं नाही.

तेरदाळे हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, कुणीच वाचलं नव्हतं. तुम्ही एकट्यानं मनाला लावून घेऊ नका."

"तुमच्या समजुतीची मला गरज नाही," ती म्हणाली, पण तिच्या रागाला आता जायला जागा उरली नव्हती. वहीच्या त्या दोन पानांचा तिने फोटो काढला आणि बाहेर आली.

आण्णाच्या घराची पायरी ती चार वर्षांनी चढली. चंदना तिच्या आधीच पोचली होती आणि तिने बापाला सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण आण्णा सोप्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"आण्णा."

"ये. म्हण आता, मी सांगत होते म्हणून. तेवढ्यासाठीच आलीयेस ना."

राजमतीने मोबाइल त्याच्या पुढ्यात ठेवला. तिने कसलीही प्रस्तावना केली नाही. जाळी तीन प्रकारची होती, पक्की कॉलेजने निवडली, त्यावर माझी सही आहे, आणि मी ते वाचलं नव्हतं, असं चार वाक्यांत सांगून टाकलं.

आण्णाने फोटो मोठा करून बघितला, हिरव्या अक्षरांवर बोट ठेवलं. मग तो उठला. राजमतीला वाटलं, आता हा मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं असं तिला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

"मीही सही केली," तो म्हणाला. "पालकाची. चौदा पानं होती, सगळी इंग्रजीत. मी अडाणी, मला वाचता आलं नाही. मी म्हटलं, आपली राजी आहे तिथं. आपली राजी त्या कॉलेजात बसलीय, ती काय वाईट होऊ देईल का पोरीचं. भांडण झालं असलं म्हणून काय झालं." त्याने मोबाइल तिच्या हातात परत दिला. "मी तुझ्या भरवशावर सही केली, राजे. आणि तू कुणाच्या भरवशावर केलीस?"

राजमती तिथेच जमिनीवर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली.

चंदना उंबऱ्यात बसून ऐकत होती. ती शांतपणे म्हणाली, "आत्ती, तू म्हणायचीस, चार विषय शिकले की माणूस चहूबाजूंनी बघतो. तू तर चार विषय शिकलीस, आणि बाकीचेही शिकलेलेच होते. सही करायच्या आधी वाचायला यातलं कुठलं शिक्षण लागतं, ते मला एकदा सांग."

"चंदे, मला माफ कर."

"नाही करणार. आत्ता तरी नाही." तिने हातांची घट्ट घडी घातली. "सोमवारी किती जणांना पक्की बसवणार आहेत?"

"एकशे सोळा."

"मग रडू नकोस. परिषदेची सभा कधी आहे ते बोल."

सभा शनिवारी अकराला होती. आदल्या दिवशी तेरदाळेचा फोन आला. यंदाच्या विषयपत्रिकेत नकाशाघर पुन्हा होतं, बंद करून तिथे बीजघडणचं कार्यालय करायचं होतं. "मॅडम, तुम्ही तो जुना ठराव उकरू नका," तो म्हणाला, "नकाशाघर आणखी पाच वर्षं ठेवायचं मी बघतो. माझा शब्द."

"सर, तुम्ही मला चार वर्षांपूर्वी बरोबर ओळखलं होतंत," राजमती म्हणाली. "हाच चारा टाकला की ही बाई दुसरीकडे बघत नाही. नकाशाघराला उद्याच कुलूप लावा." आणि तिने फोन ठेवला.

शनिवारी ती चंदनाला घेऊनच सभागृहात शिरली. बीजघडणचा प्रतिनिधी, सबनीस नावाचा गुळगुळीत बोलणारा तरुण, म्हणाला की बाहेरच्या व्यक्तीला सभेत बसता येत नाही.

"बाहेरची कशी? याच कॉलेजचं प्रमाणपत्र आहे तिच्याकडे. तुमच्याच हातची आहे ती," राजमती म्हणाली आणि तिला शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

तेरदाळेने घसा साफ केला. "विषय एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचले असे समजून..."

"वाचा," राजमती म्हणाली.

"मॅडम..."

"एका सदस्याने मागणी केली तर वाचावं लागतं, असा नियम आहे. तो मी काल वाचला. मागचंही वाचा आणि चार वर्षांपूर्वीचा विषय क्रमांक सातही वाचा. नाहीतर मी वाचते." तिने वाट पाहिली नाही. उभं राहून ठराव वाचला, मग खालच्या सतरा सह्या नावानिशी वाचल्या, अकरावं नाव जरा मोठ्याने. चिवड्याच्या बशांकडे कुणाचा हात गेला नाही.

सबनीस हसून म्हणाला, "बाईसाहेब, तंत्रज्ञान बदलतं. गेल्या पिढीतही लोकांच्या नोकऱ्या जात होत्या. त्यात जाळीचा काय दोष?"

चंदना उठली. तिने आपला मोबाइल तेरदाळेसमोर ठेवला. "सर, यात अकराशेच्या मागाचा आवाज आहे. चांगल्या चालणाऱ्या मागाचा. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसते. तुम्हाला वाटेल तेव्हा लावा. माझे हात जागेवर राहिले तर तुमचा ठराव राहू दे, मी उठून जाईन."

ती बसली आणि तिने हातांवर हात दाबून धरले. तेरदाळेने बराच वेळ काही केलं नाही. मग बटण दाबलं. खडखडाट सुरू झाला, आणि चंदनाचा उजवा हात डाव्या हाताखालून निसटून वर गेला, हवेत, जिथे आठशेच्या मागाची कळ असायची तिथे, आणि बोटांनी ती नसलेली कळ दाबली. तिने हात खाली ओढला. तो पुन्हा गेला. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि ती खालचा ओठ चावत होती. तिसऱ्यांदा हात वर गेला तसा तेरदाळेने आवाज बंद केला.

"मी तेवीस वर्षांची आहे," चंदना सबनीसला म्हणाली. "नोकरी गेल्याचं मला काही नाही. मला दुसरी शिकायची होती."

मग जे व्हायचं ते झालं, पण सुखासुखी नाही. दीड तास वाद झाला. गिरणीवाले निघून जातील म्हणून कुणी ओरडलं, अर्थशास्त्राच्या सरांनी हमीचे आकडे काढले. राजमती सगळ्यांना पुरून उरली, आणि दर वेळी बोलताना "माझ्या सहीने" हे शब्द घालायला विसरली नाही. शेवटी नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरलं की यापुढे कच्ची जाळी हीच रीत. ज्याला पक्की हवी त्याने ती स्वतः मागायची, आणि तीही त्याला मराठीतून सगळं वाचून दाखवल्यावर, चंदनाच्या तोंडून. नकाशाघर बंद करायचा विषय चार मिनिटांत मंजूर झाला. राजमतीने विरोधात हात वर केला आणि खाली घेतला.

एकशे सोळांतले काहीजण सोमवारी तरीही पक्कीच मागणार, हे तिला दिसत होतं. पाच वर्षांची हमी कुणाला नको असते? त्याचाही तिला रागच आला, पण तो कुणावर काढावा हे कळेना.

सोमवार जवळ आला होता, म्हणून इतिवृत्त तिथल्या तिथे लिहायचं ठरलं. ढवळ्यांनी लिहिलं, वही टेबलावरून फिरू लागली. लोक दमले होते, दोन वाजत आले होते, कुणी पान उलटत होतं, कुणी नुसतंच शेवटाला जात होतं. वही राजमतीसमोर आली. तिने हिरव्या शाईचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि जाळीच्या नव्या ठरावाचं पान शोधू लागली.

चंदनाने पानावर हात ठेवला. या वेळी तो हात तिने स्वतः ठेवला होता.

"पहिल्यापासून," ती म्हणाली. "मोठ्यानं."

राजमतीने टोपण परत लावलं, वही पहिल्या पानावर आणली आणि वाचायला सुरुवात केली. दाराकडे निघालेले सदस्य थांबले. मग एकेक करून आपल्या खुर्च्यांवर परत येऊन बसले.